नारदाची चामखीळ

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आम्ही नारद घासला. चिंच-मीठ लावून.

पितळेचा पत्रा होता. देवळाच्या दाराच्या वरच्या अर्ध्या भागावर बसेल एवढा. अंगणात पोतं टाकून त्यावर आडवा ठेवला होता. एका बाजूला माझी बायको बसली, एका बाजूला मी. तिच्या वाट्याला मारुती आणि नारद, माझ्या वाट्याला ढग. ढगांच्या पलीकडं तिनं मला जाऊ दिलं नाही.

"तुमचा हात राकट हाय. तुमी ढगच घासा. ढगाला कायबी हुत न्हाई."

"चिंच नवी हाय. हितला डाग निघंना."

"डाग न्हाई त्यो. ढग हाय."

असं आमचं चाललं होतं. ऊन उतरलं, वेल्ह्याची एसटी धुरळा उडवून गेली, तेव्हा ती एसटीला शिव्या देत उठली. पत्रा धुतला, तिच्या जुन्या लुगड्यानं कोरडा केला, पडवीच्या भिंतीला टेकवून ठेवला. सकाळी वरच्या वाडीचा टेम्पो तो न्यायला यायचा होता. ती अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून लांबून बघितलं आणि म्हणाली, "भोर-वेल्ह्यात असं काम न्हाई." मग आत जाऊन पिठलं टाकलं. पिठल्यात मीठ जास्त झालं होतं. मी तसंच खाल्लं. चिंचेला लावलेल्या मिठाचाच हात लागला असणार.

तिला जाऊन आता वर्ष झालं. लोक म्हणतात, बाबा, मन मोकळं करा. मन मोकळं करायची मला सवय नाही, आणि माझं शिक्षण चौथी. पण ती कशी होती ते मी सांगितलं नाही तर सांगणार कोण? लेकी सांगतील, पण लेकी आईबद्दल चांगलंच सांगतात.

मी कल्हईवाला. मार्गासनीच्या रस्त्याला आमच्या दोन खोल्या. भाता, कथील, नवसागर सायकलला बांधून मी गावोगाव हिंडायचो. मग घराघरात स्टील आलं आणि माझा धंदा बसला. स्टीलला कल्हई लागत नाही. पण नाव लागतं. लग्नाकार्यात चार घरची भांडी एकत्र होतात, नाव नसेल तर भांडं परत येत नाही. नाव घालायचं काम ती करायची. म्हणून पुढं असं झालं, की बाजाराच्या दिवशी ती पुढं चालायची आणि मी तिची छिन्नी-हातोडीची पिशवी घेऊन मागं. कुणी विचारलं तर ती सांगायची, "ह्ये माझ्या संगं असत्यात."

तिचं माहेर कामथडी. बाप देवाचे टाक करायचा. चांदीच्या पत्र्यावर खंडोबा, जोगेश्वरी, भैरोबा उठवायचा. पोरगा नव्हता. ही लहानपणी बापाची राळ गरम करून द्यायची. पत्रा हलू नये म्हणून तो गरम राळेवर बसवतात, राळ थंड झाली की पत्रा घट्ट धरला जातो, मग त्यावर काम. राळ धरता धरता ही छिन्नी धरायला शिकली. बापानं शिकवलं नाही. बाप म्हणाला होता, "बाईमाणसानं देव घडवू न्हाई." ही म्हणाली, "मग बाईमाणसानं देव पुजायचाबी न्हाई का?" बाप तिला तेव्हापासून दबकून असायचा, आणि पुढं मी.

तिला वाचता येत नव्हतं. हे लोकांना खरं वाटायचं नाही, कारण ती दिवसभर अक्षरंच कोरायची. मी कागदावर नाव लिहून द्यायचो, ती बघून बघून तसंच्या तसं पत्र्यावर उतरवायची. माझं अक्षर तिरकं, म्हणून दोन तालुक्यांतल्या घागरींवरची अक्षरं तिरकी आहेत. थोरल्या लेकीनं एकदा पाटी आणून तिला मुळाक्षरं शिकवायला घेतली. दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी पाटी सरकवून म्हणाली, "ह्ये कळाय लागलं की म्या कोरायचं सोडून वाचत बसंन." ते काही चूक नव्हतं. मी वाचत बसतो, मला काही कोरता येत नाही.

आता म्हातारीबद्दल सांगतो.

भांडं मांडीवर घेऊन, छिन्नी टेकवून ती नुसती बसायची. हातोडी हवेत. गिऱ्हाईक समोर उभं. वेल्ह्याच्या बाजारात एसटीची वेळ झालेली असायची, ड्रायव्हर हॉर्न वाजवत असायचा.

"मावशी, गाडी जाईल हो!"

"जाऊ दे. म्हातारी आली न्हाई अजून."

गिऱ्हाईकाला वाटायचं, घरातलं कोणी म्हातारं माणूस यायचंय, चष्मा नाहीतर अवजार घेऊन. ते इकडं तिकडं बघायचं. मी खाली बघायचो. मग एकदम हातोडी सुरू व्हायची आणि थांबायची नाही. नुसतं नाव घालायला सांगितलेलं असायचं, पण नाव झालं की कडेनं वेल यायची, वेलीवर पोपट यायचा, आणि पोपटानंतर कधी कधी देव यायचे. बाईनं 'सौ.' घालायला दिलेला तांब्या सीतेचं हरण घेऊन परत जायचा.

लग्नानंतर सुरवातीला मी तिला विचारलं होतं, "ही म्हातारी कोण?"

"मला काय ठावं? म्या तिचं तोंड कधी बघितलं न्हाई. पाठीमागनं येती."

"सरस्वती का?"

"सरस्वतीला मार्गासनीत यायला सवड हाय का? ही दुसरी कुनीतरी. अनवानी असती. पाय वाजत न्हाईत."

मी परत विचारलं नाही. पाठीमागं बघायचं मात्र बरेच दिवस चालू होतं.

गर्व म्हणाल तर तिच्याएवढा गर्व मी आमदारातही बघितला नाही. कोणाच्या घरी पाणी प्यायला दिलं की आधी तांब्या उलटा करून बघायची, पाणी सांडलं तरी. स्वतःचं काम असलं तर घरातल्या माणसांना बोलावून दाखवायची. दुसऱ्याचं असलं तर विचारायची, "ह्ये कुनी केलंय? कोंबडी नाचलीया का ह्याच्यावर?" एकदा दहाव्याच्या जेवणाला गेलो होतो. घरचे लोक रडत होते आणि ही ताटाखालचा पाट बाजूला करून ताटाची पाठ बघत होती. मी कोपर मारलं. ती म्हणाली, "गेल्याला बरं वाटंल. चांगल्या ताटात वाढलंय."

चुका करायची. कबूल कधी करायची नाही. एका तांब्यावर तिनं रावण काढला, जागा पुरली नाही म्हणून नऊच डोकी बसली. मालकानं मोजली.

"मावशी, एक डोकं कमी हाय."

"मागं हाय."

त्यानं तांब्या फिरवला. "मागंबी न्हाई."

"मग आत आसंल."

तो माणूस खरंच तांब्यात वाकून बघत होता.

आणि एक ते शूर्पणखेचं. कामथडीकडची एक बाई होती. नव्या सुनेच्या घागरीवर नाव घालायला आली आणि सगळा वेळ सुनेचीच निंदा करत बसली. सून बाजूला उभी, डोळ्यांत पाणी. आमच्या हिनं सुनेचं नाव नीट घातलं आणि म्हणाली, "आत्या, तुमच्याबी घागरीवर काहीतरी काढून देते, हौसेनं." काढून दिली शूर्पणखा, नाक कापल्यानंतरची. त्या बाईला वाटलं लक्ष्मी आहे. तिनं ती घागर वर्षानुवर्षं दिवाळीला पुजली. एकदा ती बाई बाजारात भेटली आणि म्हणाली, "त्या लक्ष्मीचं नाक झिजलं की वो."

"पुजून पुजून झिजलं आसंल," ही म्हणाली.

सून आता तिथली कारभारीण आहे. ती घागर तिनं मोडीत घातलेली नाही.

अजून एक खोड. मोठं काम संपून घरातनं चाललं की ती रुसायची. चार रेघांच्या भांड्याला नाही, पण समई, प्रभावळ, घंगाळ असलं काही असलं की न्यायला माणूस आला की ही आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजायची. हाक मारली तर ओ द्यायची नाही. माणसं सवयीनं ओळखू लागली. बाहेरनंच ओरडायची, "मावशी, नेतो वो!" आणि उत्तराची वाट न बघता न्यायची. संध्याकाळी उठून ती चहा प्यायची आणि मला म्हणायची, "कोरी जागा लई वंगाळ दिसती." भिंतीजवळची जागा म्हणायची ती, जिथं काम टेकवून ठेवलेलं असायचं.

वरची वाडी म्हणजे वेल्ह्याच्या पलीकडं, तोरण्याच्या अंगाला. शेरडं-मेंढरं आणि गुरं राखणारी माणसं. त्यांनी मारुतीचं देऊळ नवं बांधलं. दाराला पितळी पत्रा लावायचा ठरला आणि वाडीचा कारभारी आमच्याकडं आला. त्याला हवा होता डोंगर उचललेला मारुती.

"डोंगर उचललेला समद्या गावात हाय," ही म्हणाली. "तुमाला गाणारा मारुती देते."

"मारुती गातो?" कारभाऱ्यानं माझ्याकडं बघितलं.

"गातो. तुमी ऐकत न्हाई."

मग तिनं त्याला गोष्ट सांगितली. तिच्या बापानं सांगितलेली. नारदाला गर्व झाला, की आपल्यासारखा गाणारा तिन्ही लोकांत नाही. गाऊन झाल्यावर सगळीकडं विचारत सुटला, कसं झालं, कसं झालं. हिंडत हिंडत मारुतीकडं आला. मारुती खडकावर बसला होता. नारदानं आपली वीणा त्याच्या शेजारी खडकावर ठेवली आणि म्हणाला, तू काय गातोस ते गा बघू. मारुतीनं डोळे मिटले आणि रामाचं नाव घेऊन गायला लागला. त्या गाण्यानं खडक विरघळला. लोण्यासारखा झाला. वीणा त्यात बुडाली. गाणं संपलं, खडक परत घट्ट झाला, वीणा आत चिणली गेली. नारद म्हणाला, माझी वीणा दे. मारुती म्हणाला, तू गा, खडक विरघळेल, काढून घे. नारद गायला. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत गायला.

"मग?" कारभारी म्हणाला. त्याचा चहा गार झाला होता.

"खडाक काय इरघळला न्हाई. नारद इरघळला."

कारभाऱ्याला गोष्ट पटली. पण वाडीच्या बैठकीत सगळ्यांना पटली नाही. एकजण म्हणाला, देवाच्या दारावर नारदाची फजिती कशाला? दुसरा म्हणाला, म्हातारीला आता दिसतं तरी का? तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता हे खरं. बैठकीतल्या कोणीतरी भोरहून मशीनवर कोरलेला पत्रा परस्पर करून आणला. डोंगर उचललेला मारुती. तो देवळात गुंडाळून ठेवला. कारभारी आमच्याकडं येऊन तोंड पाडून म्हणाला, "मावशी, कलश चढायच्या आधी तुमचा पत्रा आला तर तुमचा लावू. न्हाई आला तर त्यो हायच. येकदा खिळं ठोकलं की परत काढता येत न्हाई."

ती म्हणाली, "मला त्यो मशीनवाला बघायचाय."

आम्ही एसटीनं भोरला गेलो. मशीनवाला तरणा माणूस, चांगला होता. खुर्ची दिली, चहा मागवला. ती मशीनसमोर बसली ती दुपार टळेपर्यंत. पत्रा ठेवायचा, बटण दाबायचं, आणि सुई की दिवा काय असेल ते भराभर फिरायचं. खाली गणपती उमटायचा. परत पत्रा, परत गणपती. तोच.

"ह्याच्याकडं म्हातारी येती का?" तिनं विचारलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, म्हणजे आतनं काही सुचावं लागतं का, असं विचारतीय.

"न्हाई मावशी," तो हसला. "हितं फक्त लाईट यावी लागती."

तेवढ्यात लाईट गेली असती तर सांगायला चांगली गोष्ट झाली असती. लाईट गेली नाही. मशीन आणखी दोन गणपती काढून थांबलं.

"मावशी, तुमी चित्र काढून द्या. म्या मशीनला घालतो. हवं तेवढं मारुती काढू."

"कशाला? त्यो येकच हाय."

येताना एसटीत ती खिडकीशी बसली. नसरापूर मागं पडल्यावर म्हणाली, "काम साफ हाय." बऱ्याच वेळानं म्हणाली, "माझ्यापरीस साफ हाय." खिडकीतनं वारं लागत होतं, काच मी ओढून घेतली.

त्यानंतर तिनं छिन्नीला हात लावला नाही. अवजारं फडक्यात बांधून माळ्यावर टाकली. कोणी भांडं घेऊन आलं तर सांगायची, "भोरला जावा. तिथं साफ करत्यात." चांगलं बोलायची, हसून बोलायची, सगळ्यांना मान द्यायची. लोक म्हणायचे, मावशी किती बदलल्या. मला भीती वाटायला लागली. कोणाच्या घरी गेलो तर तांब्यातलं पाणी मुकाट पिऊन टाकायची. भांडं उलटं करून बघायची नाही.

मी एक दिवस माझा लोटा तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, "ह्याच्यावर माझं नाव घाल."

"तुमचं नाव घालून काय करू? तुमी हरवत न्हाई."

तेवढंच बोलली. पण जुन्यासारखं बोलली, म्हणून मी तो लोटा तसाच समोर ठेवला.

पुढं असं झालं, की एका सकाळी ती तांदूळ निवडत बसली होती. सूप हातात, खडे बाजूला टाकतीय. मी दाढी करत होतो. ती थांबली. हात हवेत थांबला, हातोडी थांबायची तसा. मी आरशात बघत होतो. तिच्या पाठीमागं दारातलं ऊन होतं, बाकी काही नव्हतं.

"राळ तापवा," ती म्हणाली.

मी अर्ध्या दाढीनं राळ तापवली. पितळेचा पत्रा कारभाऱ्यानं आधीच आणून टाकला होता, तो राळेवर बसवला. तिनं फडकं सोडलं, छिन्नी घेतली आणि नारदापासून सुरवात केली.

मी म्हटलं, "आधी देव करत्यात."

"आधी ज्याची खोड मोडली त्यो."

असं काम मी तिचं बघितलं नव्हतं. एक डोळा जवळजवळ गेलेला, म्हणून ती डाव्या हाताच्या अंगठ्यानं रेघ चाचपायची आणि मग ठोका टाकायची. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करा, आत नवी काच बसवू. ती म्हणाली होती, "दुसऱ्याच्या काचंतनं बघून केल्यालं काम माझं कसं?" त्यामुळं मारुतीचं अंग जरा खडबडीत आलं आहे. पण गाताना त्याचा गळा फुगला आहे, तो तसा मी कोणत्या मूर्तीत बघितला नाही. आणि खडक खरंच मऊ दिसतो. पितळेतला खडक मऊ कसा दिसतो मला विचारू नका. मी ढगांपुरता.

नारद अर्धा वाकून दोन्ही हातांनी वीणा उपसतोय. शेंडी विस्कटलेली. आणि डाव्या नाकपुडीशी एक चामखीळ.

तिच्या डाव्या नाकपुडीशी चामखीळ होती. लग्न ठरताना माझ्या आईनं तीच आधी बघितली होती.

"ही चामखीळ कुनाची?" मी विचारलं.

"नारदाची."

"नारदाला चामखीळ कधी हुती?"

"तुमी बघितलाय का नारद?"

मी बघितला नव्हता. विषय संपला. चामखीळ झाल्यावर तिनं नारदाचे डोळे केले, आणि ते काही हरलेल्या माणसाचे नाहीत. वीणा निघत नाही हे त्याला कळलेलं आहे, पण तो मारुतीच्या गळ्याकडं असा बघतोय, की हे कसं केलंस ते परत एकदा करून दाखव.

काम संपत आलं तेव्हा कारभारी बघायला आला. पत्र्याकडं बघितलं, हिच्याकडं बघितलं, परत पत्र्याकडं.

"मावशी, नारद वळखीचा वाटतोय."

"आसंल. फिरता असतो त्यो."

तो बराच वेळ पत्र्यासमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, आता दुसऱ्या कशाला मी दाराला हात लावू देत नाही, हाच चढणार. टेम्पोचा दिवस ठरवला. कलश त्याच्या दुसऱ्याच दिवशी होता. जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, येक सांगून ठिवतो. आमची वाडी सोवळ्याला लई कडक. तुमच्या भावकीत कुठं सुतक-बितक न्हाई ना? मागं घंटा आणली हुती, ती ज्या घरानं दिली त्या घरात त्याच दिशी म्हातारा गेला. घंटा परत धाडली. बैठकीतली निम्मी मानसं अजून मशीनच्याच पत्र्याकडची हायत, त्यास्नी निमित्तच पायजे."

मी म्हटलं, "न्हाई. समदी जिती हायत."

तेव्हा खरंच होती.

ती आतनं ओरडली, "काय कुजबुज चाललीया?"

मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "पितळंला सुतक असतं का? पितळ चिंचंनं धुतलं की पितळच." मग म्हणाली, "पर त्यो पत्रा चढला पायजे बरं का. त्यो न्हाई चढला तर मग म्या भोरला त्या पोराच्या दुकानात काय म्हनून बसले?"

हे तिनं दोनदा म्हटलं. तिनं एक गोष्ट दोनदा म्हटलेली मला दुसरी आठवत नाही.

नारद घासला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठलो तर चूल थंड होती. ती भिंतीकडं तोंड करून निजलेली. मला वाटलं, टेम्पो यायचाय म्हणून रुसली. चहा टाकला. तिचा कप तिच्या उशाशी ठेवला आणि खांद्याला हात लावला. मग हाताला हात लावला. जन्मभर भांडी तापवली आहेत मी, गार काय आणि गरम काय ते मला कोणी सांगायला नको.

मी तिच्याजवळ खाली बसलो. बाहेर कोंबडी ओरडत होती. शेजारच्या वैनी अंगण झाडत होत्या, त्यांच्या झाडूचा आवाज येत होता. तोंड उघडून एक हाक मारली असती तर त्या झाडू टाकून आल्या असत्या. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला.

मी तोंड मिटलं. गोधडी तिच्या खांद्यापर्यंत ओढली आणि बाहेर आलो.

टेम्पोवाला वाडीचाच, कारभाऱ्याचा पुतण्या. पत्रा बघून त्यानं चप्पल काढली, नमस्कार केला.

"काकू कुठायत? काकांनी सांगितलंय, पत्र्याला हळदीकुंकू काकूंच्याच हातनं लावून आन."

"निजलीया."

"रुसल्या वाटतं?" तो हसला. दारापर्यंत गेला आणि आत बघून ओरडला, "काकू, नेतो वो तुमचा मारुती!"

मी उंबऱ्यात उभा होतो. भिंतीकडची पाठ त्याला दिसत होती.

"आज बोलायची न्हाई ती," मी म्हटलं. "थांब. कुंकू आनतो."

आत जाऊन मी फळीवरचा तिचा करंडा घेतला. सवाष्ण गेली की तिला कुंकू लावतात, ते कोणीतरी लावणारच होतं. मी बोट बुडवलं आणि तिच्या कपाळाला लावलं. तिच्या कपाळाला कुंकू लावायची माझी ही दुसरी वेळ, पहिली लग्नात. तेच बोट घेऊन बाहेर आलो आणि पत्र्याला लावलं, मारुतीच्या पायाला आणि मग नारदाच्या कपाळाला. टेम्पोवाला हात जोडून उभा होता.

पत्रा आज दारावर आहे. हे वाचून कोणाला तो धुवायचा असेल तर गोमूत्र शिंपडावं, हरकत नाही. चिंचही चालेल. चेहऱ्याजवळ हात हलका ठेवावा.

दोघांनी धरून पत्रा टेम्पोत चढवला, खाली तिची एक गोधडी घातली. "हळू ने," मी म्हटलं. "वळणावर हळू." तो व्हय म्हणाला आणि निघाला. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. टेम्पो वेल्ह्याच्या वळणाला लागला, झाडाआड गेला, चढाला त्याचा आवाज बारीक होत गेला आणि मग ऐकू येईनासा झाला.

मग मी शेजारी गेलो. वैनींचा झाडू अजून चालू होता. म्हटलं, "वैनी, ते ठेवा. आमच्या हिच्याकडं चला."